बांधावरचं कुंपण: खर्च कोणाचा, किती आणि कोणत्या हिशोबाने

सामाईक बांधावर कुंपण घालायचा विषय निघाला की बोलणी थेट "निम्मे तुमचे, निम्मे आमचे" इथून सुरू होतात. निम्म्याला हरकत नाही, पण निम्मं कशाचं हे आधी ठरायला हवं. कुंपण कोणत्या रेषेवर घालायचं, किती उंच, कोणत्या मालाचं आणि पाच वर्षांनी तार तुटली तर ती कोणी जोडायची, यातलं काहीच न ठरवता पैसे गोळा होतात आणि पुढचं भांडण नेमकं यातल्याच एखाद्या गोष्टीवरून लागतं. म्हणून या लेखात पैशांचा हिशोब मध्यावर येतो. त्याआधी जे ठरवायचं ते आधी घेतलं आहे.

कायदा कुठवर साथ देतो

शेजाऱ्याकडून कुंपणाचा अर्धा खर्च वसूल करून देईल असा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये हद्दीविषयी बरीच कलमं आहेत, पण ती हद्दीच्या खुणांविषयी आहेत, म्हणजे दगड आणि निशाण्या. कलम १४० नुसार आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा शाबूत ठेवायची जबाबदारी त्या त्या धारकाची आहे. जमीन गावरस्त्याला लागून असेल तर रस्ता आणि शेत यांमधल्या हद्दीच्या खुणा धारकाने स्वखर्चाने करायच्या, असं कलम १४२ सांगतं. तार, जाळी, खांब यांचा खर्च शेजाऱ्यांमध्ये कसा वाटायचा, याबद्दल या कलमांत काही नाही.

काही देशांत हे वेगळं आहे. न्यूझीलंडमध्ये १९७८ चा कुंपण कायदा आहे. शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यायची, तीत कुंपणाची रेषा, प्रकार आणि अंदाजी खर्च लिहायचा. शेजाऱ्याला हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. "पुरेसं" कुंपण जेवढ्यात होतं तेवढा खर्च दोघांनी सारखा उचलायचा, हे तिथलं मूळ तत्त्व. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांतही असे कायदे आहेत, त्यामुळे तिकडे घर किंवा फार्म घेतलेल्या मराठी कुटुंबांना ही नोटीस येऊ शकते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आपल्याकडे असा कायदा नसला तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे: आधी लेखी प्रस्ताव, विचाराला मुदत, आणि "पुरेसं" म्हणजे किती यावर एकमत.

"मी कुंपण घातलं, फायदा त्यालाही झाला, मग त्याने पैसे द्यायला नकोत का?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७० याच्या जवळ जातं: फुकट करायचा इरादा नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यावा. मात्र तो लाभ स्वीकारायची किंवा नाकारायची संधी समोरच्याला मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने या कलमाबाबत म्हटलेलं आहे. न विचारता खांब रोवले आणि नंतर बिल पाठवलं, तर शेजारी नाकारणार कसा? कुंपण उभं राहिलेलं असतं. त्यामुळे या कलमावर भिस्त ठेवून काम सुरू करू नये. लेखी करार झालेला असेल तर गोष्ट निराळी. मग ती साधी पैशाची बाकी होते आणि ती देय झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

आधी रेषा

बांध ही हद्द असतेच असं नाही. दरवर्षी नांगराचं एक तास जास्त गेलं की बांध कोरला जातो आणि वीस-पंचवीस वर्षांत तो बऱ्यापैकी सरकतो. अशा सरकलेल्या बांधावर सिमेंटचे खांब उभे केले की चूक पक्की होते. म्हणून दोघांपैकी एकाच्या मनात जरी शंका असेल तरी आधी मोजणी करून घ्यावी.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात जातो आणि तो ऑनलाइनही भरता येतो. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीला ८,००० रुपये फी आहे. अर्ज एकानेच केला तरी चालतो. लगतधारकांना कार्यालयाकडून नोटीस जाते. ही फी कुंपणाच्या खर्चाचाच भाग धरून दोघांनी वाटून घेतली तर मोजणी "त्याने आणलेली" राहत नाही, दोघांची होते. हा फरक निकालाच्या दिवशी जाणवतो.

मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक हजर हवेत. भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो तेव्हाच दगड रोवून घ्या, उद्यावर टाकू नका. लाकडी खुंट्या उपटल्या जातात किंवा ट्रॅक्टरखाली जातात. प्रत्येक दगडाचं अंतर न हलणाऱ्या दोन वस्तूंपासून टेपने मोजून लिहून ठेवा: विहिरीचा कठडा, विजेचा खांब, घराचा कोपरा. नंतर "क" प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आली की ती या टिपणाशी ताडून पाहा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरतपासणीच्या मोजणीचा, अर्ज करता येतो. ती होईपर्यंत त्या बाजूचं कुंपण थांबवलेलं बरं.

इथे एक अडचण वारंवार येते. भाऊबंदांनी घरातल्या घरात वाटण्या केलेल्या असतात, पण सरकारी दप्तरी पोटहिस्से, म्हणजे गटाचे वेगळे तुकडे, पडलेले नसतात. गट एक, सातबाऱ्यावर नावं पाच, आणि प्रत्यक्षात पाच बांध. या आतल्या बांधांना नकाशावर रेषाच नसते, त्यामुळे मोजणीवाला दाखवणार काय? अशा ठिकाणी आधी पोटहिस्सा मोजणी आणि वाटणीची नोंद उरकून घ्यावी. ते लगेच शक्य नसेल तर उखडून हलवता येईल असं लोखंडी अँगलचं हलकं कुंपण घालावं आणि सिमेंट काँक्रीट टाळावं.

रेषा ठरली की दुसरा प्रश्न: खांब मधोमध की आपल्या बाजूला? मधोमध असतील तर कुंपण दोघांचं, संमती दोघांची, खर्चही दोघांचा. एकजण आपल्या हद्दीत फूटभर आत घेत असेल तर कुंपण त्याचं एकट्याचं, मग दुसऱ्याकडे निम्मे मागायचा हक्क कमकुवत होतो. शिवाय बाहेर राहिलेली फूटभर पट्टी हळूहळू शेजाऱ्याच्या वहितीत जाते. उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध १२ वर्षं ताबा राहिला तर त्यावर मालकी सांगितली जाऊ शकते. झाड, खडक किंवा जुनी विहीर चुकवण्यासाठी तार वाकवावी लागते तिथेही हाच धोका असतो, म्हणून करारात एक वाक्य हवंच: "दगड क्रमांक २ ते ३ मधील तार सोयीसाठी ३ फूट आत घेतली असून त्यामुळे दोन्ही गटांची हद्द व मालकी बदललेली नाही."

"पुरेसं" कुंपण कोणाला किती लागतं

बहुतेक वाद इथे सुरू होतात, कारण दोघांची गरज एक नसते. एकाकडे ज्वारी-हरभरा आहे, त्याला फक्त गुरं आत येऊ नयेत एवढंच हवं. पलीकडे डाळिंबाची बाग आहे, तिथे चोरी आणि रानडुक्कर या दोन्हींची भीती. तिसऱ्याकडे शेळ्या आहेत आणि त्या बाहेर जाऊ नयेत यासाठी कुंपण हवं.

गाई-म्हशींसाठी साडेचार ते पाच फूट उंचीवर काटेरी तारेचे पाच पदर पुरतात. शेळ्यांसाठी उंचीपेक्षा खालच्या पदरांमधलं अंतर महत्त्वाचं. खालचे तीन पदर सहा-सहा इंचांवर घेतले नाहीत तर करडं सहज निघून जातात. रानडुक्कर सहसा उडी मारत नाही, ते खालून मुसंडी मारतं. जाळी लावली आणि खालची कड जमिनीला पक्की केली नाही, तर ते जाळी उचलून आत शिरतं. म्हणून जाळीच्या तळाला जाड तार ओवून ती दर तीन-चार फुटांवर खुंटीने जमिनीत दाबावी किंवा जाळी अर्धा फूट पुरावी. रोही म्हणजे नीलगाय पाच फुटांवरून आरामात उडी घेते, तिच्यासाठी सात फुटांच्या जवळपास जावं लागतं. माकडांना तार-जाळी दोन्ही अडवत नाहीत.

दोघांपैकी ज्याची गरज कमी आहे त्याला पुरेल असं कुंपण हा पाया धरावा. त्याचा खर्च सारखा वाटावा आणि त्यावर जे जास्तीचं लागेल ते ज्याला हवं त्याने भरावं. आमच्या मते सगळ्या वाटणीतलं सर्वांत न्याय्य तत्त्व हेच आहे, आणि बाग असलेल्या शेतकऱ्याने ते स्वतःहून मांडलं तर बोलणी फार लवकर मिटतात.

माल किती लागतो: ४०० फुटांचा हिशोब

बांध ४०० फूट लांब आणि सरळ आहे असं धरू. खांब दर ८ फुटांवर. ४०० भागिले ८ म्हणजे ५० गाळे आणि ५१ खांब. यात ठेपे, म्हणजे खांबाला दिलेले तिरके आधार, धरलेले नाहीत आणि गावोगाव अंदाजपत्रक इथेच चुकतं. तार ताणली की सगळा ओढा टोकाच्या खांबावर येतो, त्याला आतल्या बाजूने तिरका ठेपा नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात तो झुकतो आणि सगळी तार सैल पडते. दोन टोकांना एकेक ठेपा. मध्ये दर १०० फुटांवर एक ताण घेणारा खांब, असे तीन, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी ठेपा, म्हणजे सहा. एकूण ठेपे आठ, एकूण नग ५९. बांधाला कोपरा असेल तर तिथे दोन ठेपे आणखी.

सात फुटी सिमेंट खांब घेतला तर दीड ते दोन फूट जमिनीत आणि पाच फूट वर राहतो. खड्डा फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल. १:३:६ प्रमाणाच्या काँक्रीटने भरायचा तर खांबांची जागा वजा जाता ५९ खड्ड्यांना साधारण ७९ घनफूट काँक्रीट लागतं: सिमेंट १० पोती, वाळू ३७ घनफूट, खडी ७५ घनफूट. काळ्या मातीत हे पुरत नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब वर ढकलते. तिथे खड्डा अडीच फूट घ्यावा आणि तळाला मुरूम ठोकावा. त्यासाठी खांबही आठ फुटी लागतो, म्हणजे अंदाज आधीच वाढवून ठेवावा लागतो.

तार: पाच पदर गुणिले ४०० म्हणजे २,००० फूट, गाठी आणि वेढे यांसाठी पाच टक्के जास्त धरून २,१०० फूट. १२ गेजची दुपदरी काटेरी तार किलोला साधारण २८ फूट भरते, म्हणजे ७५ किलो. ही तार वजनावर विकली जाते, म्हणून विकत घेताना गेज तपासून घ्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). १४ गेजची तार त्याच वजनात जास्त लांब भरते, म्हणून स्वस्त वाटते, पण ताण कमी सोसते आणि गंजली की लवकर तुटते. कोकणात समुद्राच्या हवेत हा फरक दोन-तीन वर्षांत दिसतो. बांधणीची तार दोन किलो.

आता रुपये. खालचे दर हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या तालुक्यातले दर घालून पुन्हा करा. खांब ५९ नग, ३५० रुपयांनी २०,६५०. काटेरी तार ७५ किलो, १०० रुपयांनी ७,५००. सिमेंट ४,०००, वाळू-खडी ६,०००, बांधणीची तार १८०. खड्डे खणून खांब रोवायची मजुरी नगाला १५० प्रमाणे ८,८५०, तार ओढायची मजुरी फुटाला ५ प्रमाणे २,०००, वाहतूक ३,०००. बेरीज ५२,१८० रुपये, म्हणजे फुटाला सुमारे १३० रुपये. निम्मे केले तर प्रत्येकी २६,०९०.

समजा पलीकडच्या बागवाल्याला जाळी हवी आहे. पाच फूट उंचीची २,००० चौरस फूट जाळी, २२ रुपयांनी ४४,०००. जाळी आली की काटेरी तारेचे तीन पदर वाचतात, ते ४५ किलो, ४,५०० रुपये. म्हणजे जास्तीचा खर्च ३९,५०० आणि एकूण ९१,६८०. सरळ निम्मं केलं तर ज्वारीवाल्याला ४५,८४० भरावे लागतील आणि त्यातले जवळजवळ २० हजार त्याला नको असलेल्या गोष्टीसाठी असतील. पायाच्या हिशोबाने तो २६,०९० देतो आणि बागवाला ६५,५९०.

पैशाऐवजी मजुरी देणारे बरेच असतात: "खांब तुम्ही आणा, खड्डे आम्ही खणतो." चालतं, पण त्या कामाचा दर आधी रुपयांत लिहावा. वरच्या हिशोबात खांब रोवायचं सगळं काम एकाने केलं तर त्याचे ८,८५० जमा धरून त्याने १७,२४० रोख द्यायचे. जमीन बटाईने दिलेली असेल तर वाटेकऱ्याकडून कुंपणाचा खर्च घेऊ नये. कुंपण जमिनीत राहतं, वाटेकरी हंगाम संपला की जाऊ शकतो. रोजची देखरेख त्याच्याकडे द्यायला हरकत नाही.

पैसे एकदम एकाच्या हातात देऊ नयेत. माल आणताना एक हप्ता, खांब उभे राहिल्यावर दुसरा, तार ताणून झाल्यावर तिसरा. पावत्या दोघांच्या मोबाइलवर. वजनकाट्याची चिठ्ठीसुद्धा, कारण तारेच्या वजनावरून नंतर कुरबुर होते.

काम करताना दोघांनी पाहायच्या गोष्टी

दोन टोकांच्या दगडांमध्ये दोरी ताणून फक्की मारावी आणि ती रेषा दोघांनी पाहिल्यावरच खड्डे सुरू करावेत. टोकाचे आणि ताणाचे खांब आधी रोवून काँक्रीटला किमान आठवडाभर पाणी मारावं, मगच तार ओढावी. घाईने दुसऱ्या दिवशी तार ताणली की ओल्या काँक्रीटमध्ये खांब हलतो आणि कायमचा ढिला राहतो. तारेवर ऋतूचाही परिणाम होतो: थंडीत ताणलेली तार उन्हाळ्यात थोडी सैल पडते, म्हणून मे महिन्यात एकदा ताण पाहून घ्यावा. बांधावरच्या झाडांना खिळे ठोकून तार लावायचा मोह टाळा. खोड वाढलं की तार त्यात रुतते, काढता येत नाही, आणि मग झाड कोणाचं हा वाद तारेच्या वादात मिसळतो.

तारेच्या खाली सिमेंटची अखंड पट्टी घालायची टूम हल्ली बरीच दिसते. वरच्या शेतातलं पावसाचं पाणी खालच्या शेतातून नैसर्गिकपणे वाहत असेल तर ही पट्टी ते अडवते. वरच्याच्या शेतात पाणी तुंबतं, किंवा पट्टी एका ठिकाणी फुटून खालच्याची माती वाहून जाते. उताराच्या जागी पट्टी तोडून सांडवा ठेवा. ओघळीवर जाळी लावली तर तिथे पालापाचोळा अडकून बांध होतो, म्हणून ओघळीपुरती सुटी तार लोंबती ठेवावी आणि ती पावसाळ्याआधी साफ करावी.

वाटेचंही तसंच. बांधावरून मागच्या शेतात कोणाची पूर्वापार बैलगाडी किंवा पायवाट जात असेल, तर तुमच्या दोघांच्या संमतीने ती बंद होत नाही. बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार देतात. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढायचा अर्ज ६ महिन्यांच्या आत करता येतो. उभारलेलं कुंपण काढायचा खर्च मग तुमच्याच अंगावर. फाटक ठेवायचं ठरलं तर ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल अशी रुंदी ठेवा, किमान १२ फूट, आणि फाटकाचा खर्च वाट वापरणाऱ्यालाही विचारून वाटून घ्या.

झटका मशीनचं म्हणजे सौर कुंपणाचं गणित थोडं वेगळं. सामाईक बांधावरची तार आणि खांब दोघांचे, पण मशीन, बॅटरी आणि पॅनल एकाच्या घराजवळ राहतात. ज्याच्या घराजवळ आहे त्याचाच फायदा जास्त, असं नसतं. एकच मशीन दोन्ही शेतांना सलग जोडलेलं असेल तर त्याचा खर्च दोन्ही बाजूंच्या एकूण तारेच्या लांबीच्या प्रमाणात वाटावा. त्याची खरी देखभाल म्हणजे तारेला टेकणारं गवत काढणं. ओलं गवत खालच्या तारेला टेकलं की झटक्याची ताकद जमिनीत जाते आणि डुक्कर बिनधास्त आत येतं. वनक्षेत्राला लागून असलेल्या गावांत सौर कुंपणासाठी वनविभागाच्या योजनेतून अनुदान मिळू शकतं, त्यामुळे खरेदीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. अनुदान एकाच्या नावावर आलं तरी आधी ते एकूण खर्चातून वजा करून मग उरलेला खर्च वाटा. आणि घरातली वीज थेट तारेत सोडणं, कितीही नुकसान होत असलं तरी, करू नका. त्यात माणसं मरतात, आणि तार दोघांची असेल तर गुन्ह्यात दोघांचीही चौकशी होते.

दुरुस्ती: पहिल्या खर्चाहून महत्त्वाची

बांधायच्या वेळी सगळे उत्साहात असतात. चौथ्या वर्षी खांब मोडतो तेव्हा "तुमच्या बैलाने मोडला", "तुमच्या फांदीने मोडला" सुरू होतं. यावर अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या काही राज्यांत चालणारी रीत फार उपयोगी आहे. दोघांनी कुंपणाच्या बरोबर मध्यावर, आपापल्या शेतात, समोरासमोर तोंड करून उभं राहायचं. ज्याच्या त्याच्या उजव्या हाताचा अर्धा भाग सांभाळायची जबाबदारी ज्याची त्याची. आपल्या ४०० फुटांत प्रत्येकाला २०० फूट येतात. मधला खांब रंगवून ठेवा. आपल्या अर्ध्या भागातली तार तुटली तर विचारायला जायचं नाही, जोडायची. एका बाजूला ओढा किंवा रस्ता असल्यामुळे तो भाग जास्त मोडत असेल तर लांबी कमी-जास्त करून घ्या, उदाहरणार्थ १६० आणि २४० फूट.

याला अपवाद दोनच ठेवा. मोडतोड कोणाच्या जनावराने, ट्रॅक्टरने किंवा पडलेल्या झाडाने केल्याचं उघड असेल तर खर्च त्याचा. आणि पूर-वादळात मोठा भाग गेला तर पुन्हा मूळ प्रमाणात दोघांचा. दुरुस्ती ठरावीक मुदतीत, म्हणा १५ दिवसांत, झाली नाही तर दुसऱ्याने फोटो काढून करून घ्यावी आणि पावती द्यावी, हेही लिहून ठेवा.

कागद कसा करावा

करार साध्या मराठीत, स्टॅम्प पेपरवर. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यात दोन्ही गट क्रमांक, मोजणीची तारीख आणि "क" प्रतीचा संदर्भ, कुंपणाची लांबी आणि प्रकार, कोणाचा किती खर्च, हप्ते, दुरुस्तीची विभागणी, फाटक आणि पाण्याच्या जागा लिहा. खर्चाचं वाक्य मोघम नको. "दोघांनी खर्च करावा" असं न लिहिता असं लिहा: "पाच पदरी काटेरी तारेच्या कुंपणाचा अंदाजी खर्च ५२,१८० रुपये दोघांनी समान करावा. जाळीचा जास्तीचा खर्च ३९,५०० रुपये गट क्रमांक अमुकच्या धारकाने एकट्याने करावा. प्रत्यक्ष खर्च दहा टक्क्यांहून वाढल्यास दोघांच्या लेखी संमतीशिवाय पुढील काम करू नये."

सह्या कोणाच्या? सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्यांच्या, बहिणींच्या आणि आईच्याही. थोरल्या भावाने एकट्याने केलेली सही बाकीच्यांवर बंधनकारक ठरेलच असं नाही. नुसत्या खर्चाच्या कराराला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागत नाही. मात्र त्यातून जमिनीची अदलाबदल होत असेल किंवा कायमचा वाटेचा हक्क दिला जात असेल तर तो भाग नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. दोन्ही एकाच कागदात घुसडू नका.

आणखी एक मोठी फट: शेजाऱ्याने जमीन विकली तर नव्या मालकावर हा करार आपोआप लागू होत नाही. पैसे देण्याचं किंवा दुरुस्ती करण्याचं वचन सही करणाऱ्यापुरतं असतं. त्यावर उपाय म्हणून करारात अट घाला की जमीन विकताना खरेदीखतात या कुंपणाचा उल्लेख करावा आणि नव्या मालकाची पुरवणी करारावर सही घ्यावी. तसं न केल्यास दुरुस्तीची उरलेली जबाबदारी विकणाऱ्यावरच राहील, असंही लिहिता येतं.

शेजारी नाहीच म्हणाला तर

पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा. त्यात रेषा, प्रकार, अंदाजपत्रकाची प्रत आणि विचाराला २१ दिवस. उत्तर नकाराचं आलं किंवा आलंच नाही, तर आपल्या हद्दीत, मोजणीच्या दगडांपासून फूटभर आत, स्वतःच्या खर्चाने कुंपण घाला आणि बाहेर राहिलेल्या पट्टीवर आपली मालकी कायम असल्याचं दुसऱ्या पत्राने कळवून ठेवा. दगड तसेच राहू द्या, दरवर्षी पेरणीआधी त्यांचे फोटो काढा.

दोन-चार वर्षांनी तोच शेजारी आपल्या बाजूचं कुंपण घालायला निघतो आणि तुमच्या खांबांना तार जोडू का म्हणून विचारतो. हे बरेचदा होतं. तेव्हा नवीन किमतीचं निम्मं मागणं अवाजवी आहे आणि फुकट देणंही. उरलेल्या आयुष्यावर हिशोब करा. कुंपणाचं आयुष्य १५ वर्षं धरलं आणि ४ वर्षं झाली असतील तर ११ उरली. मूळ निम्मे २६,०९० गुणिले ११ भागिले १५ म्हणजे १९,१३३ रुपये. कुंपण तुमच्या हद्दीत फूटभर आत आहे, म्हणून पैसे घेताना लिहून द्या आणि घ्या की हे पैसे कुंपणाच्या वापराचे आहेत, जमिनीचे नाहीत, आणि हद्द "क" प्रतीवरच्या दगडांप्रमाणेच आहे. त्या दिवसापासून दुरुस्तीचा उजव्या हाताचा नियम दोघांनाही लागू.